एकसष्ट शाहिनाझ

पावसाने इजिप्तमधल्या दुम्यात शहराच्या सुतारगल्लीचा पार चिखल करून टाकला होता, आणि बासिम कोटाच्या आत कॉम्प्युटर लपवून पळत होता. कॉम्प्युटर म्हणजे नुसता डबा, पण तो हाजी मितवल्लींचा डबा होता. त्यावर पाण्याचा एक थेंब जरी पडला असता, तरी हाजींनी बासिमला पॉलिश मारून खुर्च्यांच्या रांगेत वाळत ठेवला असता.

वळणावर समोरून एक निळी छत्री आली. बासिम थांबला नाही, नुसता ओरडला, "बाई, जरा छत्री धरा ना! माझ्यावर नको, याच्यावर!"

छत्री थबकली. मग मुकाट्याने त्याच्या फुगलेल्या पोटावर येऊन थांबली.

"कितवा महिना?" छत्रीखालून आवाज आला.

बासिमने हसत मान वर केली आणि... हसू तिथल्या तिथे विरघळलं. डाव्या गालावरचा तो तीळ. प्रश्न विचारून झाल्यावर खालचा ओठ दातात धरायची ती सवय. दहा वर्षांत भर पडली होती ती फक्त चष्म्याची. शाहिनाझ! पाऊस कोटात शिरत होता, डबा घसरत होता आणि बासिम खुळ्यासारखा बघत उभा होता.

"हाजी मितवल्लींचा कारखाना कुठे आहे?" तिने विचारलं.

"हा... हा त्यांचाच," तो पोटाकडे बोट दाखवून म्हणाला. "म्हणजे मी तिकडेच चाललोय."

"मग चला. तुम्ही कोण, इंजिनियर?"

"डिप्लोमा आहे. गल्ली इंजिनियर म्हणते. मी बासिम."

तिला ओळख पटली नव्हती. पटावी तरी कशी? दहा वर्षांपूर्वी ती इथल्या कॉम्प्युटर संस्थेत एक वर्ष शिकली, आणि तेवढ्या वर्षात लॅबमधला हा लाजरा मदतनीस तिच्याशी जेमतेम एक वाक्य बोलला होता, "सात नंबरवर बसा, तो चांगला चालतो." मग तिच्या वडिलांची बँकेतली बदली झाली, घर कैरोला गेलं, आणि सात नंबरची खुर्ची रिकामी झाली.

छत्री दोघांच्या मध्ये, म्हणजे डब्यावर. दोघंही सारखीच भिजत चालू लागली.

"निर्यातदार संघाने मला बोलावलंय," ती सांगू लागली. "बाहेरच्या हॉटेलवाल्यांनी अट घातलीय. ज्या कारखान्यात चोरीची ऑपरेटिंग सिस्टिम, त्या कारखान्याची एक खुर्चीसुद्धा घेणार नाहीत. तेव्हा मी एकेक मशीन उघडणार, आत काय आहे ते बघणार, कोणाच्या नावावर आहे ते लिहून घेणार, आणि मग लायसन्सची नवी सिस्टिम टाकून देणार."

"कोणाच्या... नावावर?"

"हो ना. सिस्टिम टाकताना ती मालकाचं नाव विचारते. टाकणारे बेधडक काहीतरी लिहितात आणि विसरतात. गेल्या महिन्यात एका गावात चाळीस मशीनांवर एकच नाव निघालं. तो माणूस आता कोर्टाच्या पायऱ्या झिजवतोय."

बासिमचा पाय घोट्यापर्यंत डबक्यात गेला.

कारण सुतारगल्लीत एकसष्ट मशीनं होती. एकसष्टही बासिमने बसवलेली. आणि त्या एकसष्ट मशीनांवर, मालकाच्या रकान्यात, स्वच्छ अक्षरांत एकच नाव होतं — शाहिनाझ बद्रावी.

"माझं नाव—" तिने सुरुवात केली.

"नको!" बासिम दचकून म्हणाला. "म्हणजे... पावसात नको. ओळख कोरड्यात झालेली बरी."

ती हसली. बासिमला वाटलं, आता हा डबा इथेच ठेवावा आणि सरळ नदीत जाऊन बसावं.

हाजींच्या कारखान्यात त्याने तिची "कैरोच्या मॅडम" एवढीच ओळख करून दिली आणि मशीन काही चालू केलं नाही. "डबा ओला आहे हाजी, आज लावला तर जळेल." हाजी कुरकुरले. मॅडम म्हणाल्या, हरकत नाही, उद्या सकाळी पलीकडच्या टोकापासून सुरू करू, तुमचं शेवटी. बासिमच्या हातात एक दुपार होती.

आता हे नाव तिथे गेलं कसं, ते सांगायला हवं. ती गेल्यावर आठच दिवसांनी बासिमने गल्लीतलं पहिलं मशीन बसवलं. पडद्यावर चौकट आली. नाव? विचार करायच्या आत बोटांनी टाइप करून टाकलं. दुसऱ्या मशीनला त्याने विचार केला आणि तेच टाइप केलं. पुढे ती सवयच झाली. वाईट याचं वाटायचं की ज्या मुलीला आपण धड हाक मारली नाही, तिला आपण रोज लिहीत बसलोय. पण बरंही तितकंच वाटायचं.

ते सगळं आता उलट्या हाताने पुसायचं होतं. स्वतःच्या अब्रूची फिकीर होतीच, पण खरी धडकी वेगळी होती. हीच बाई तपासणीला आणि हिचंच नाव एकसष्ट चोरीच्या मशीनांवर? कैरोत कोण ऐकून घेणार होतं? नोकरी गेली असती तिची. तेही त्याच्या प्रेमापायी.

"व्हायरस आलाय," असं सांगत तो दुकानांमागून दुकानं पालथी घालू लागला. एका मशीनला दोन मिनिटं. नाव निवडायचं, खोडायचं, चौकट रिकामी. दर खेपेला त्याचं बोट त्या बटणावर क्षणभर अडायचं.

"काय रे, आमची शाहिनाझ आजारी का?" कोरीवकाम करणाऱ्या फरगलींनी विचारलं. ही आणखी एक भानगड! सिस्टिम बसवून झाली की बासिम मालकाला खात्रीसाठी ती चौकट उघडून दाखवायचा, आणि सुतारांनी त्यातली पहिली ओळ वाचून ठरवून टाकलं होतं की शाहिनाझ बद्रावी हे कंपनीचं नाव. गल्लीत ऑपरेटिंग सिस्टिम असं कोणी म्हणतच नसे. "माझी शाहिनाझ आज उघडेना." "त्याच्याकडे जुनी शाहिनाझ आहे, माझी नवी." दहा वर्षं बासिम हे ऐकून मनात गुदगुल्या करून घेत होता. पण आता? मशीनमधलं पुसता येतं, सुतारांच्या तोंडातलं कसं पुसायचं?

मग त्याने एकच उपाय केला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो मॅडमच्या मागे सावलीसारखा फिरू लागला. कोणी "शाहिना—" एवढं म्हणालं की त्याला जोराचा खोकला यायचा.

"प्रकृती बरी नाही तुमची," ती म्हणाली. "काल भिजलात."

"छत्री तुम्ही डब्यावर धरली होती."

"तुम्हीच सांगितलं होतंत! असे कसे हो तुम्ही, स्वतःसाठी काही मागताच येत नाही?"

यावर बासिमला खरोखरचा खोकला आला. तिने हातगाडीवरून सहलबचे, म्हणजे दाट गरम दुधाचे, दोन पेले घेतले. वर दाणे, खोबरं आणि वाफ. तिच्या चष्म्यावर वाफ बसली आणि तिने तो काढला, तेव्हा बासिमने पटकन नजर पेल्यात बुडवली.

"आपण कुठे भेटलोय का हो?" तिने डोळे बारीक करून विचारलं.

"दुम्यात लहान आहे. इथे सगळे सगळ्यांना भेटलेले असतात."

"गंमत बघा," ती म्हणाली, "प्रत्येक मशीनवर मालकाची चौकट रिकामी. असं मी कुठेच पाहिलं नाही. कोणी लिहायला विसरेल, पण सगळे?"

"इथले लोक... नाव लावून घेणारे नाहीत."

ती ओठ दातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. पण त्या दोन दिवसांत दोघं किती हसली! फरगलींना घरगुती लायसन्स हवं होतं, ते स्वस्त पडतं म्हणून. "दुपारी जेवून मी इथेच पडतो की, मग घरच झालं ना हे?" असा त्यांचा मुद्दा. ती अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "उशी दाखवा." फरगलींनी खरंच उशी दाखवली. बासिम भुशाच्या ढिगावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. ती समोर असताना आपल्याला बोलता येतं, हसता येतं, हे त्याला नव्यानेच कळत होतं. आणि परवा ती जाणार होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा कारखाना राहिला, तो हाजी मितवल्लींचा. काम आटोपलं. नवी सिस्टिम लागली. हाजींनी पोचपावतीवर सही केली आणि बासिम सुटकेचा श्वास सोडतोय तोच ते म्हणाले, "मॅडम, तुमचंही नाव लिहा की खाली. पूर्ण लिहा."

बासिम खोकला. जीव तोडून खोकला. पण ती लिहीत होती, आणि हाजी चष्मा नाकावर ओढून मोठ्याने वाचत होते.

"शाहिनाझ... बद्रावी." हाजींनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर ईद उगवली. "या अल्ला! खुद्द कंपनीची मालकीण! अरे फरगली! अरे सगळे या! शाहिनाझ आलीय!"

बघता बघता अर्धी गल्ली दारात. कोणाच्या हाताला सरस, कोणाच्या मिशीत भुसा.

"बाई, दहा वर्षं तुमचा माल वापरतोय, एक तक्रार नाही!"

"माझी थोडी हळू चालायची, पण वाईट नाही हो."

"तुमचं नाव आमच्या मशीनवर होतं. हाच बसवून द्यायचा, बासिम. परवा व्हायरस काढायला आला तेव्हापासून दिसत नाही."

शाहिनाझ हळूच वळली. बासिमच्या कानांच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या. तिने पिशवी उचलली, छत्री उचलली आणि ती गर्दीतून वाट काढत निघून गेली.

बासिम तसाच आपल्या दुकानात येऊन बसला. संपलं. दहा वर्षं जपलेलं एका दुपारी चव्हाट्यावर आलं. पाऊस पुन्हा लागला होता. पाच मिनिटांनी दारात निळी छत्री मिटली.

"किती मशीनांवर होतं?" ती आत येत म्हणाली.

"एकसष्ट." मग घाईघाईने, "म्हणजे ते... एकच डिस्क होती हो. तिच्यातच नाव होतं. प्रत बनवताना आपोआप—"

"बासिम, हे तुम्ही मला सांगताय?" ती खुर्ची ओढून समोर बसली. "तो रकाना दर वेळी रिकामा येतो. हाताने भरावा लागतो. एकसष्ट वेळा."

बासिम टेबलावरचा एक स्क्रू इकडून तिकडे सरकवू लागला.

"आणि पुसलंत का?" तिचा आवाज अचानक ओला झाला. "दहा वर्षं लिहिलंत, आणि मी आले तर पुसलंत?"

"तुमची नोकरी गेली असती!" बासिम उठूनच उभा राहिला. "माझं काय, मी कोर्टात उभा राहिलो असतो. पण तुमचं नाव तिथे... माझ्यामुळे... ते नसतं सहन झालं मला."

मग तिची नजर त्याच्या टेबलावरच्या जुनाट मशीनकडे गेली. तिने ते ओढून घेतलं, ती चौकट उघडली. शाहिनाझ बद्रावी. अक्षर न् अक्षर जागेवर.

"हे नाही जमलं पुसायला," तो पुटपुटला.

शाहिनाझने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सात नंबर," ती एकदम म्हणाली. "सात नंबरवर बसा, तो चांगला चालतो... ते तुम्ही! खरंच चांगला चालायचा तो?"

"मी रोज सकाळी लवकर येऊन साफ करायचो."

दोघंही हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "कैरोत इतक्या लॅब पाहिल्या," ती म्हणाली, "पण तसा कीबोर्ड कुठे मिळाला नाही. मी काय समजत होते, दुम्यातची मशीनंच चांगली!"

मग तिने डोळे पुसले आणि पुन्हा मॅडम झाली. डिस्क काढली, त्याच्या मशीनमध्ये घातली. थोड्या वेळात नवी सिस्टिम चढली आणि पडद्यावर चौकट उघडली. मालकाचं नाव?

"भरा," ती म्हणाली. "पण आता लायसन्स आहे. खोटं नाव चालायचं नाही."

बासिमने बोटं ठेवली. आणि सावकाश, एकेक अक्षर करत, पुन्हा तेच नाव टाइप केलं.

"मी मालकीण आहे का या दुकानाची?"

"नाही..." त्याने बोटं कीबोर्डवरून काढली. स्वतःसाठी त्याने आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. "व्हा ना, शाहिनाझ. दुकानाची, घराची, सगळ्याची. आई आहे, मी आहे, आणि दोन खोल्या आहेत. मला तुम्ही आवडता. सात नंबरपासून आवडता."

पाऊस छपरावर वाजत राहिला. शाहिनाझने पर्समधून किल्लीचा कागद काढला. त्यावरची पंचवीस आकडे-अक्षरं टाकली की लायसन्स कायमचं होतं. तिने त्यावर पेनाने काहीतरी लिहिलं, कागदाची घडी घातली आणि तो पर्समध्येच परत ठेवला.

"किल्लीशिवाय तीस दिवस चालतं," ती उठत म्हणाली. कान मात्र आता तिचे लाल झाले होते. "तीस दिवसांत किल्ली घेऊन जायची. बाबांसमोर. आईला घेऊन ये... आणि छत्री आण, स्वतःसाठी."

तीस दिवस कोण थांबतंय! पाचव्या दिवशी शुक्रवार होता. नमाज झाल्यावर बासिम, त्याची आई, तीन किलो मशब्बक मिठाई आणि वडीलधारे म्हणून हाजी मितवल्ली, अशी वरात कैरोच्या एका तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोचली. बासिम मिठाईच्या खोक्याची दोरी सोडत बसला. बद्रावीसाहेब त्याला खालून वर न्याहाळत होते. शेवटी हाजींनी घसा खाकरला.

"साहेब," ते म्हणाले, "दहा वर्षं आमच्या सगळ्या गल्लीचा धंदा तुमच्या मुलीच्या नावावर चाललाय. आता एका मुलाचा संसार चालू द्या."

बद्रावीसाहेबांना त्यातलं अवाक्षर कळलं नाही. पण दाराआड मुलगी तोंडावर हात दाबून हसतेय हे त्यांना दिसलं, आणि तेवढं त्यांना पुरलं. लग्न ठरल्याची फातिहा वाचली गेली. बासिमच्या आईने आनंदाने असा काही उलूलूचा स्वर लावला की शेजारणी जिन्यात आल्या. त्या गडबडीत शाहिनाझने बासिमच्या हातात घडी घातलेला कागद ठेवला.

शनिवारी सकाळी दुकान उघडून बासिमने तो उलगडला. एकेक अक्षर जपून टाकलं. पडद्यावर लायसन्स कायमचं झाल्याची ओळ आली, आणि तिच्या वर तेच नाव. मग त्याने कागदाच्या तळाशी पेनाने लिहिलेलं वाचलं.

"या वेळी पुसायचं नाही."