ईशान्येचा कोपरा

क्योतोतल्या आपल्या गल्लीतलं सार्वजनिक स्नानगृह कायमचं बंद झाल्याचं नाओला कळलं, ते दारावर चिकटवलेल्या कागदावरून. बंब फुटला होता, मालक थकला होता. भुरभुर पाऊस पडत होता. शेजारी काखेत लाकडी बादली घेऊन एक तरुण उभा होता.

"सुट्टी असेल आज," तो म्हणाला.

"वाचता येतं ना तुम्हाला?"

"येतं. म्हणून तर पुन्हा पुन्हा वाचतोय."

नाओला हसू आलं. त्याला मात्र आलं नाही. त्याचं नाव शुनपेई, पलीकडच्या गल्लीत किमोनोचे पट्टे विणायचा. आई फुमीए गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. घरी आल्यावर तिला रोज गरम पाण्यात बसवायचं होतं, आणि घरात न्हाणी नव्हती.

"थोरला भाऊ म्हणतो, नव्या वर्षाच्या आत सोय कर, नाहीतर आईला नागोयाला नेतो. आईला एकटीला मी पाठवणार नाही. आणि माग काही उचलून नेता येत नाही."

"मग बांधा की न्हाणी."

"कुठे? सगळं घर मागानेच गिळलंय."

"मी न्हाण्याच बांधते," नाओ म्हणाली. "दाखवा घर."

जागा एकच होती... जिन्याखाली, मागच्या बाजूला, तिरकी आणि अंधारी. शुनपेईचं डोकं आपटलं.

"इथे माणूस उभा राहत नाही हो."

"तुम्ही उभ्याने आंघोळ करता? बसा बघू."

तो गुडघे पोटाशी घेऊन बसला. तिने त्याच्या डोक्यापासून जिन्यापर्यंत फीत धरली.

"श्वास घ्या. असे ताठ काय बसलात?"

"तुम्ही जरा लांब झालात तर घेईन," तो म्हणाला. तिने फितीवरचा आकडा पुन्हा वाचला.

दुसऱ्या दिवशी तिने फरशी फोडली. सांडपाण्याचा नळ टाकून झाला, आणि फुमीए काठी टेकत घरी आली. खड्ड्याकडे बघत उभी राहिली.

"ही दिशा कुठली गं?"

नाओने खड्ड्याकडे पाहिलं. ईशान्य! घरात वाईट शिरतं ते याच कोपऱ्यातून. क्योतोत कुणी तिथे सांडपाणी काढत नाही. घरात पाऊल टाकलं की आधी दिशा बघायची, मग फीत काढायची... वडिलांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं.

"बापाने शिकवलं नाही तुला?"

"शिकवलं होतं, काकू."

"मग त्या दिवशी लक्ष कुठे होतं?"

नाओने एकदा शुनपेईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. फुमीएने ते पाहिलं.

"हं," ती म्हणाली. "मी यात पाय घालणार नाही. शुनपेई, थोरल्याला कळव."

घरी जाताना नाओ जुन्या राजवाड्याच्या भिंतीकडेने चालत होती. पुढे भिंत आत वळली. ईशान्येचा कोपराच आत दुमडलेला. लहानपणापासून पाहिलेला. ती थांबली. कोपराच नसेल, तर वाईट शिरणार कुठून?

सकाळी करवत घेऊनच ती दारात हजर झाली. तिने कोपरा कापला. आतून तिरकी भिंत घातली, बाहेरचा तुकडा आभाळाला मोकळा केला, तिथे देवळाच्या अंगणात असतात तसे पांढरे खडे पसरले. मग टबही तिरका फिरवला आणि तीच चकित झाली. बसणाऱ्याचे पाय जिन्याखालच्या ठेंगण्या भागात गेले, दोन्हीकडच्या निरुपयोगी फटी मिटल्या, बसून अंग धुवायला चौरंगापुरती जागा निघाली. पायऱ्यांच्या पोटात साबणाचे कप्पेही झाले.

"आईला पटलं नाही तर?" खडे ओतत शुनपेईने विचारलं.

"तर नागोयात जागा शोधा."

"जागा मिळेल. पण... अशी रागावणारी मिळेल का?"

नाओ भरलेल्याच सांध्यात पुन्हा सिमेंट भरत राहिली.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी थोरला भाऊ गाडी घेऊन आला. आईचं सामान दारात बांधून ठेवलं होतं. फुमीएने वाकून खिडकीतून खडे पाहिले. मग टॉवेल घेतला आणि पडद्यामागे गेली.

पाण्याचा आवाज आला... मग तोही थांबला. थोरला घड्याळ बघत होता. शुनपेईचा हात नाओच्या हाताला लागला. तिने काढून घेतला नाही.

"आई?" शुनपेईने हाक मारली. मग पडद्याजवळ जाऊन मोठ्याने, "आई, बरी आहेस ना?"

"ओरडतोस कशाला? थोरल्याला म्हणावं, जेवून जा. एकटाच जा."

शुनपेईने भिंतीला डोकं टेकलं.

"आणि त्या पोरीला सांग, माझ्यानंतर तिने बसायचं. पाणी निवायच्या आत."

नाओचे कान तापले. पाहुण्याला पहिलं पाणी देतात. बाहेर अंग धुऊन मागून त्याच पाण्यात बसतात ती घरची माणसं.

"ऐकलंस ना?" शुनपेई हळूच म्हणाला. आज पहिल्यांदाच 'तू'.

"ऐकू येतं मला."

"मग... काय?"

"आईंनी विचारलं. तुम्ही कुठे विचारलंत?"

"राहशील? इथे... माझ्याबरोबर?"

"राहीन," ती म्हणाली. "पण मागाची खटखट सकाळी सातच्या आधी नको."

आत फुमीए मोठ्याने खोकली. तिला सगळं ऐकू गेलं होतं. मध्ये नुसता पडदा होता. न्हाणीला दार बसवायचं अजून राहिलं होतं.