दोन बोटं डावीकडे

महिपतचा एक नियम होता. गाडी उघडली, की घरचं माणूस जवळ बसायला पाहिजे. काम तासाभराचं असो की आठ दिवसांचं. मेकॅनिकवर विश्वास नाही म्हणून नव्हे. दवाखान्यात आपण आपल्या माणसाच्या उशाशी बसतो, तसं.

महिपत जाऊन दोन वर्षं झाली, पण नियम राहिला होता. म्हणून मार्गशीर्षातल्या त्या सकाळी, घोडबंदर रस्त्याला काशीमिऱ्याच्या पुढे गुणवंतच्या गॅरेजात, सरूबाई एका जुन्या टायरवर गोधडीची घडी टाकून बसल्या होत्या. शेजारी डबा, पाण्याची बाटली आणि समोर लोखंडी घोड्यांवर चढवलेली त्यांची पांढरी पिकअप. मागच्या फळीवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : ‘महिपत अँड सन्स’. मुलगा एकच, रोहित. पण ‘सन्स’ लिहिलं की धंद्याला वजन येतं, असं महिपतचं म्हणणं. तो स्वतःही वजनदारच होता. पोलादपूरहून आला तेव्हा काडी होता; भाईंदरच्या पाण्याने की सरूबाईंच्या हाताने कोण जाणे, पण चाळिशीत त्याचं पोट शर्टाच्या बटणांना जुमानेनासं झालं.

गाडीची दशा वाईट होती. चेणे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरावर झाडं लावायचं काम रोहितला मिळालं होतं. नदीच्या पात्रातून, मग खडीच्या चढावरून रोपं वर न्यायची. तिसऱ्याच खेपेला गाडी मागे घसरली आणि ओढ्याच्या बाजूला कलली. खालचा ऑइलचा डबा दगडावर फुटला, चॅसी वाकली, आणि चाकावरचा भार झेलणारे लोखंडी पाटे पुढे दोन्हीकडचे तुटले. रोहितला खरचटलंसुद्धा नाही. मागे हातभर जमीन आणि त्याच्या पलीकडे खोल घळ, अशा जागी गाडी थांबली होती.

“मावशी, नशीब तुमच्या पोराचं,” गुणवंत गाडीखालून बोलला. तो मूळचा परभणीकडचा. पंधरा वर्षं ही गाडी त्याच्याच हाताखाली होती. “आता हिला उंच करतो चार इंच. नवे पाटे, मोठे टायर, पोटाखाली जाड पत्रा. डोंगराला हसत जाईल.”

“हसत जाऊ दे, पण परत येऊ दे,” सरूबाई म्हणाल्या.

गुणवंतने जुने टायर काढले आणि डावीकडचा पुढचा टायर हातात फिरवत राहिला.

“हा उजव्यापेक्षा जास्त घासलाय. डावीकडे रोज कोण बसतं?”

“कोण बसणार? रोहित एकटाच असतो.”

“टायर दोन वर्षांपूर्वीच बदललेत ना? मीच टाकले होते.” त्याने टायर भिंतीला टेकवून ठेवला.

दोन वर्षांपूर्वी. त्याच्या आधीची तीन वर्षं महिपत डावीकडे बसत असे. साखरेने नजर अधू झाली, स्टिअरिंग रोहितकडे गेलं, पण हा घरी बसेना. कोपर खिडकीबाहेर, उजवा हात हँडब्रेकपाशी. रोहितने जरा वेग घेतला की याची बोटं दांड्यावर. “बाबा, गाडी मी चालवतोय!” असं पोरगं ओरडायचं. “तू चालव, मी थांबवतो,” हा म्हणायचा. सीटबेल्ट मात्र कधी लावला नाही. पोटाला काचतो म्हणायचा.

चॅसी सरळ व्हायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी नवे पाटे बसले, मोठे टायर चढले, गाडी घोड्यांवरून खाली आली. गुणवंतने टेप काढला. टायरचा माथा ते मडगार्ड, चारही कोपऱ्यांत अंतर मोजायची त्याची पद्धत होती. मोजलं. परत मोजलं. मग टेप ठेवून त्याने बोटं लावून पाहिली.

“पुढची डावी बाजू दोन बोटं खाली आहे.”

त्याने पाटे काढून आपसांत बदलले. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. तरी डावी बाजूच खाली. पाण्याची पारदर्शक नळी आणून फरशीची पातळी तपासली. फरशी सपाट होती. सीटखालचा जॅक, पाने, फडकी सगळं बाहेर काढलं. दोन बोटं हलली नाहीत.

“वेडा करणार ही गाडी मला,” तो म्हणाला.

एक वाजला. सरूबाईंनी डबा उघडला. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, वालाचं बिरडं. गॅरेजात डबा उघडला की गाडीकडे तोंड करून हाक मारायची जुनी सवय. कारण महिपत नेहमी बॉनेटमध्ये नाहीतर गाडीखाली असायचा. तशीच ती हाक तोंडून गेली.

“चला, जेवायला चला.”

कुठेतरी लोखंड हलकं कुरकुरलं. गुणवंत डाव्या चाकापाशीच उकिडवा बसला होता. तो उठला नाही. त्याने मडगार्डखाली हात घातला, मग पलीकडे जाऊन तिथे घातला.

“मावशी,” तो म्हणाला, “सरळ झाली.”

दोघं जेवले. गुणवंत भाकरी चावताना गाडीवरची नजर काढत नव्हता. सरूबाईंनी हात धुतले, डब्याची कडी लावली आणि रोजच्यासारखं म्हणाल्या, “झालं. लागा कामाला.”

पुन्हा ती कुरकुर झाली. गाडीचा डावा खांदा हळूच खाली गेला, जाड माणूस हात टेकवून बेताने चढतो तसा.

दुसऱ्या दिवशी सरूबाईंनी मुद्दाम करून पाहिलं. हाक मारली, गाडी उठली. कामाला लागा म्हटलं, बसली. गुणवंत म्हणाला, “मावशी, हे कोणाला सांगू नका. माझ्याकडे गिऱ्हाईक येणार नाही.” म्हणाला हसत, पण गळ्यातला रुमाल काढून त्याने मानेवरचा घाम दोनदा पुसला.

सरूबाईंना भीती वाटली नाही. त्यांना आठवण झाली ती वेगळ्याच गोष्टीची. महिपतच्या वर्षश्राद्धानंतर त्यांनी घरची कापसाची गादी पिंजून घेतली होती. पलंगाच्या त्याच्या बाजूला इतक्या वर्षांचा खोलगा पडला होता. पिंजारी गादी सपाट करून घेऊन आला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण काय घालवून बसलो.

आणि आता रोहित डावी सीट कापणार होता.

ते आधीच ठरलं होतं. डोंगरात लागणारे दोरखंड, फावडी, जॅक ठेवायला सीटच्या जागी लोखंडी पेटी. संध्याकाळी तो घरून, भाईंदरच्या जेसल पार्कहून, स्कूटरवर आला. पेटीचं माप त्याने कागदावर आणलं होतं.

“सीट राहू दे,” सरूबाई म्हणाल्या.

“आई, रिकामी जागा आहे ती. कोण बसतंय?”

सरूबाईंनी गुणवंतकडे पाहिलं. गुणवंतने पान्याकडे पाहिलं. मग त्यांनी मुलाला जवळ बसवून सगळं सांगितलं. घासलेला टायर, दोन बोटं, जेवणाची हाक. तो चेष्टा करील असं वाटलं होतं. त्याने कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

“त्या दिवशी चढावर,” तो अखेर म्हणाला, “ब्रेक लागतच नव्हता. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. गाडी थांबली तेव्हा हँडब्रेक ओढलेला होता. मी नाही ओढला, आई.”

रस्त्यावरून टँकर गेला, गॅरेजचा पत्रा थरथरला.

“गुणवंतदादा,” रोहित म्हणाला, “पेटी मागे हौद्यात बसवा. आणि इथे दोन नवीन सीटबेल्ट लावा. दोन्हीकडे.”

“आणि डावीकडे एक पाटा जास्त घाला,” सरूबाई म्हणाल्या. “ते बसले की गाडी सरळ दिसली पाहिजे.”

गुणवंतने मान डोलावली. महिपतसाठी गाडी जुळवायची त्याची ही पहिली वेळ नव्हती.

रविवारी सकाळी गाडी घरी आली. उंच, रुबाबदार. सरूबाईंनी बिल्डिंगखाली चाकांपाशी वीत लावून पाहिली. डावीकडे एक वीत, उजवीकडे एक वीत. समाधान वाटलं. दुपारी रोहित खाली गाडी धूत होता, तेव्हा पहिल्या मजल्याच्या खिडकीतून त्यांनी हाक मारली, “चला, जेवायला चला!”

रोहितने पाइप बंद केला. गाडीचा डावा खांदा दोन बोटं वर उठला.

सरूबाई खिडकीतच थांबल्या. जिन्यावर फक्त रोहितची पावलं वाजली. जेवणं झाली. त्यांनी ताटं उचलली, ओटा पुसला, डबे लावले. ‘लागा कामाला’ हे दोन शब्द ओठांवर आले आणि त्यांनी ते गिळून टाकले. आज रविवार. आज कसलं काम?

दुपारी त्या पलंगावर आडव्या झाल्या. पलीकडच्या बाजूला गादीत खोलगा पडलेला होता. त्यांनी बोटं लावून पाहिली.

दोन.

त्या रात्री दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना भिंतीकडे तोंड न करता झोप लागली.

सोमवारी उजाडताच रोहित तयार झाला. हौद्यात दोनशे रोपं, करंज आणि बहावा. त्याच चढावर जायचं होतं.

“आई, डबा?”

“तू हो पुढे. आणते.”

त्यांनी खिडकीतून पाहिलं. गाडी डावीकडे उचललेली, रिकाम्या पिशवीसारखी. मागे पलंगावर खोलगा तसाच होता. आणखी एक दिवस, त्यांना वाटलं. एकच दिवस. आजच्या दिवस पोरगं सांभाळून जाईल.

खाली हॉर्न वाजला.

सरूबाई पलंगाच्या कडेला बसल्या. चादरीवर हात ठेवला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “झालं. लागा कामाला.”

काही झालं नाही.

“पोरगं एकटं आहे.”

मग त्यांच्या तळव्याखाली गादी हळूहळू भरत आली, अगदी सपाट होईपर्यंत.

डबा घेऊन त्या जिना उतरल्या. गाडी सरळ उभी होती. डाव्या दरवाजाच्या खिडकीतून त्यांनी डबा आत दिला. रोहितने तो घेऊन पायापाशी ठेवला, स्वतःचा पट्टा लावला. मग वाकून डावीकडचा पट्टा ओढला आणि तोही खटकन अडकवला.

“रस्ता खराब आहे,” तो आईकडे न बघता म्हणाला.

सरूबाई पट्ट्याकडे बघत होत्या. तो सीटला टेकला नव्हता. पाठीपासून हातभर पुढे, हवेत गोल ताणलेला होता.

गाडी सुरू झाली. तेवढ्यात कोणीतरी आतून ओढावा तसा पट्टा जरा सैल झाला. पोटाला काचू नये, इतकाच.