गॉर्सपलीकडची बाई

थेल्मा दर गुरुवारी डॉर्सेटच्या त्या राखीव रानात फिरायला जायची. नवरा गेल्यापासून घरात रेडिओखेरीज कोणी बोलत नसे. इथे निदान कुत्री फिरवायला आलेली माणसं हवापाण्याबद्दल चार शब्द टाकत. त्या दुपारी मात्र गाड्यांच्या तळावर तिच्या गाडीशिवाय एकच व्हॅन उभी होती. पाइनची झाडी मागे पडली, उघडा माळ लागला, आणि दलदलीकडून धुकं चालून आलं. ओल्या हेदरच्या झुडपांचा कुबट वास. हातभर पुढचं झुडूपही दिसेना.

तेवढ्यात हाक आली. "रस्टी... रस्टी..."

कुणा बाईचं कुत्रं हरवलं होतं. थेल्मानं ओरडून विचारलं, मदत करू का? आवाज गॉर्सच्या काटेरी झुडपांच्या दाट रांगेपलीकडून जवळ आला. रांगेच्या अल्याड थेल्मा, पल्याड ती, अशा दोघी चालू लागल्या. बाई मोठं गोड बोलत होती. गुडघे कसे आहेत, एकटीसाठी रांधायचा कंटाळा येतो का, सगळं तिनं विचारलं. कित्येक दिवसांत थेल्मा इतकं बोलली नव्हती. झाडी किती मागे राहिली याचंही तिला भान उरलं नाही.

अचानक धुक्यातून एक तपकिरी स्पॅनियल कुत्रं धावत आलं आणि तिच्या पायांना चिकटलं. थरथरत होतं. गॉर्सकडे बघताना त्याच्या मानेवरचे केस ताठ झाले होते.

"सापडला का हो?" पलीकडून प्रश्न आला. "धरून ठेवा... मी येते."

कुत्र्यानं तिच्या कोटात तोंड खुपसलं. थेल्माच्या मनात काय आलं कोण जाणे.

"नाही," ती म्हणाली. "इथं कोणी नाही."

पलीकडे सगळं गप्प झालं. काट्यांवरून गळणारे थेंबही थांबले. मग अगदी कानाशी, लाडानं...

"मग तूच ये ना गं..."

थेल्मा धावत सुटली. पुढे कुत्रं, मागे ती; तळ येईपर्यंत तिनं वळून पाहिलं नाही.

व्हॅनपाशी एक माणूस हातात पट्टा घेऊन उभा होता. कुत्र्यानं त्याच्या अंगावर उडीच घेतली.

"मॉन्टी, गाढवा, कुठं तडमडला होतास?"

आभार मानून झाल्यावर त्यानं विचारलं, हा सापडला कुठे? थेल्मानं धापा टाकत सांगितलं: गॉर्सपलीकडची बाई, रस्टीला शोधणारी.

"रस्टी?" तो म्हणाला. "मीही ऐकलं तिला. कालही हाका मारत होती. पण रस्टी म्हणून नाही." त्यानं वाकून पट्टा अडकवला. "मला वाटलं, तिच्या कुत्रीचं नाव थेल्मा असावं."