अबोल्याचा उंबरठा

पुण्यातल्या ‘ध्वनिमेघ’ कंपनीच्या प्रयोगशाळेतून शलाका खोडकेने रोजच्यासारखा दुपारी एक वाजता २१७ लावला. क्रमांक कंपनीचाच, अंतर्गत. पण वाजायचा मेहकरला, तिच्या वडिलांच्या खाटेशी. मेघ-विनिमय केंद्राची हीच तर गंमत! एक्स्चेंज इंटरनेटवर, त्यामुळे फोन न्याल तिथे क्रमांक तुमच्यामागे येणार.

तुळशीराम खोडके मेहकरच्या एसटी स्थानकात तीस वर्षं गाड्या पुकारत. दोन वर्षांपूर्वी ते काम शलाकाच्याच यंत्राकडे गेलं. लेकीनंच बापाच्या तोंडचा घास काढला, असं गाव म्हणालं, आणि बापाने अबोला धरला. फोन मात्र ते दुसऱ्या घंटेला उचलत. सुरुवातीला ती “बाबा, बोला ना” म्हणून गयावया करी. पुढे तिने नाद सोडला. दहा मिनिटं ती आपलंच काहीबाही सांगे आणि पलीकडची मंद घरघर ऐके. बाबांच्या खोलीतली शांतता तरी आपल्या वाट्याला येते, एवढ्यावर तिचा दिवस निघे.

आज तिने फोन ठेवल्यावर वयाने थोरले अभियंते फारूक तांबोळी म्हणाले, “शलाकाताई, ती बाबांची शांतता नव्हे. आवाजाची पुडकी बांधून आपण पाठवतो. गप्प बसण्याची पुडकी कशाला बांधायची? लाइन तुटली असं वाटू नये म्हणून ती घरघर तुमच्याच फोनात तयार होते.”

“ठाऊक आहे हो. आवाज-उंबरठा मीच ठरवला ना! त्याच्या खालचं सगळं शांतता समजून टाकून द्यायचं.” ठाऊक असूनही ती रोज ऐकत होती, हे तिने सांगितलं नाही.

“मग हे बघा. टाकण्याआधी यंत्र आवाजाची पातळी नोंदवतं. रिकाम्या खोलीची रेघ सरळ येते. २१७ ची तुटक आहे. शब्दांसारखी. गेलं वर्षभर, रोज.”

शलाकाने ती तुटक रेघ जवळून पाहिली. वर्षभर बाप बोलत होता, आणि तिच्या यंत्राने ते केरासारखं झाडून टाकलं होतं. तिने २१७ पुरता उंबरठा शून्यावर आणला आणि पुन्हा फोन लावला.

“बाबा?”

घरघर नव्हती. खाट करकरली. मग फाटकी, घोगरी कुजबुज आली.

“परत लावला? गेल्या साली गळ्याच्या ऑपरेशनचं तुले सांगतलं, तं एका शब्दानं इचारलं नाही तू. आता आवाज एवढाच उरला, माय. त्याचं राहू दे. पन रोज इचारतो, त्याचं तरी सांग.”

“काय विचारता, बाबा?” तिला रडू आवरेना.

पलीकडे क्षणभर शांतता. या वेळी खरी. मग ती कुजबुज जरा सावरून बसली.

“प्रवाशांनी लक्ष द्यावे. पुण्याहून सकाळी सहा वाजता सुटणारी मेहकर गाडी सायंकाळी पाच वाजता फलाट क्रमांक दोनवर लागेल.” बाबांना धाप लागली. “येशील काय वं?”