बशीखालचा चहा

सन दोन हजार तेवीस. डिसेंबर, थंडी नुकती पडलेली. गच्चीवर बिल्डिंगच्या पोरांना सांगितलं, तसंच इथे लिहितो.

मी हाटकेशला फोटोच्या फ्रेमा बनवतो. चाळीस वर्षं झाली. शाळा चौथीपर्यंत. पण माझी फ्रेम वाकडी दिसली तर भिंत वाकडी समजायची.

"आजोबा, भुताची गोष्ट सांगताय की धंद्याची?" पोरांमधली इशिता म्हणाली.

"ऐकायचं असेल तर बस. नसेल तर लिफ्ट चालू आहे."

बसली.

उदय माझं नेहमीचं गिऱ्हाईक. घरोघर जाऊन माणसांचे फोटो काढायचा. पोट त्यावर चालायचं, जीव दुसरीकडे. मिठागरं, खाडी, डोंगरीची टेकडी. ते फोटो स्वतःसाठी. त्यात माणूस आला की चिडायचा.

खारी गावात नागोराव राहतात, मूळचे परभणीकडचे. बायको कमळाबाई. तिचा एकटीचा फोटो जन्मात निघाला नव्हता. आधारकार्डावर होता, पण त्यात ती स्वतःलाच ओळखत नव्हती. तिनंच उदयला फोन केला. "भिंतीला लावायला एक चांगला काढ बाबा. न्हाईतर मी मेल्यावर हे आधारकार्डालाच हार घालतील."

रविवार, दहा डिसेंबर, दुपारी चारची वेळ ठरली. कमळाबाई पांढरं लुगडं नेसून बसल्या. चहा केला. उदयचा कप भरून त्यावर बशी झाकली.

साडेतीनला आभाळ सुरेख झालं. उदय डोंगरीला गेला. जाताना फोन केला, "मावशी, तासाभरात पोचतो." अंधार पडेपर्यंत टेकडीवर राहिला आणि तसाच घरी गेला. पुन्हा फोनही केला नाही.

कमळाबाई नऊपर्यंत बसून होत्या. नागोराव म्हणाले, आता लुगडं बदल. तर म्हणाल्या, "येतो म्हणलाय की त्यो."

बुधवारी पहाटे झोपेतच गेल्या.

पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसासाठीचा बौद्ध विधी, चोवीस तारखेला ठरलं. नागोराव आधारकार्ड घेऊन उदयकडे आले. बोल लावला नाही. एवढंच म्हणाले, "यातून व्हतंय का बघ. फोटोबिगर कसं करावं?"

उदयनं ते मोठं करून पाहिलं. डोळ्यांच्या जागी दोन डाग. चार दिवस घासत बसला. मग माझ्याकडे आला.

"काका, मला काहीच वाटत नाही. रडू नाही, लाज नाही. हात चालतात तेवढं. मावशीचं देणं राहिलं, इतकंच कळतंय."

"मग जाऊन सांग, होत नाही म्हणून."

गेला नाही.

गुरुवार, एकवीस तारीख. संध्याकाळी तो सवयीनं डोंगरीच्या रस्त्यावरच्या मिठागरात गेला. सात वाजून दहा मिनिटं. चंद्र वर आलेला. ट्रायपॉड लावला. अंधारात असा फोटो काढायचा तर कॅमेऱ्याचा डोळा चार मिनिटं उघडा ठेवतात. तेवढ्यात मधून कोणी चालत गेलं तर उमटत नाही. बसलेला माणूससुद्धा पुसट येतो. श्वास असतो. पापणी असते. जिवंत माणूस चार मिनिटं दगडासारखा बसत नाही.

हे लक्षात ठेवा, मी पोरांना म्हटलं.

बटण दाबणार, तोच समोर बांधावर एक बाई दिसली. बसलेली. पांढरं लुगडं.

"ओ बाई... जरा बाजूला व्हा."

हलली नाही.

"फोटोत येताय तुम्ही."

"काढ की. त्याच्यासाठीच बसलेय."

आवाज ओळखीचा...

पळायला हवं होतं. पळाला नाही. भीतीसुद्धा वाटली नाही म्हणाला. बटण दाबलं.

एक मिनिट.

दोन. बेडूक नाही. डास नाही.

तीन. रस्त्यावर गाडी नाही.

ती तशीच.

चार...

खट्.

बांध रिकामा.

"मग?" इशितानं शाल आवळली.

मी पाणी प्यायलो.

शुक्रवारी सकाळी उदय फोटो घेऊन माझ्या दुकानात आला. मी चष्मा पुसून पाहिला. गवत हललेलं. पाणी धुरासारखं. चेहरा मात्र लख्ख. पापणीचा केस न् केस मोजावा असा. आणि तिच्याशेजारी बांधावर एक कप. वर बशी.

"हा कप कोणाचा?"

उदयनं पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. उजाडताच बांधावर जाऊन घेऊन आला होता. पांढरा कप, निळी कड. बशी उचलली नव्हती. मीही उचलली नाही.

दुपारपर्यंत फ्रेम केली. फोटो आणि तो कप घेऊन खारीला दोघं गेलो.

नागोरावांनी फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिला. कुठे काढला, कधी काढला, काही विचारलं नाही. मग त्यांची नजर कपाकडे गेली. भिंतीवरच्या फळीवर तसेच पाच कप पालथे होते. सहाव्याची जागा मोकळी.

"दहा तारखेपासून गावत नव्हता," ते म्हणाले.

त्यांनी बशी उचलली.

वाफ आली.

खाली नळावर बायका भांडत होत्या, तेवढं ऐकू येत होतं.

"घे," नागोराव म्हणाले. "तुझाच हाय."

उदय उभ्या उभ्या चहा प्यायला. सगळा.

नागोरावांनी कप विसळला आणि फळीवर पालथा ठेवला. मी खिळा ठोकला, फोटो लावला. मागे सरून पाहिलं.

सरळ होता.