कपाटातला आवाज

टिक्. टिक्. टिक्.

सोलापूरची चैत्रातली दुपार, घर चिडीचूप. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी वृंदा कैरी किसत होती, तिचा हात थांबला. आवाज लाकडी कपाटातून येत होता.

“आई, पाणी दे,” पलंगावर चित्र रंगवणारी सात वर्षांची शाल्मली म्हणाली.

वृंदानं वळून पाहिलं. शब्द लेकीचे, पण आवाज परका. स्टेशनवरच्या घोषणेसारखा सपाट.

शाल्मलीच्या गळ्यातून जन्मापासून आवाज फुटत नव्हता. मानेभोवतीची मऊ गळपट्टी स्नायूंची थरथर टिपायची, घरातला संगणक त्या थरथरीचे शब्द करायचा आणि ते पट्टीतूनच ऐकू यायचे. वर्षानुवर्षं शिकून त्यानं तिची ‘स्वरछाप’ घडवली होती. ‘र’ला बोबडा, हसण्याआधी जरा खरखरणारा, तिचा तिचाच आवाज. मुलांचे आवाज घराबाहेर साठवायचे नाहीत असा नियम, त्यामुळे दुसरी प्रत कुठेच नव्हती. फार तापला की संगणक टिकटिक करत इशारा द्यायचा आणि स्वरछाप बाजूला ठेवून साध्या आवाजावर यायचा. त्याहून तापला तर छाप कायमची विस्कटायची.

वृंदानं कपाट उघडलं. भट्टीसारखी झळ तोंडावर आली. संगणकाभोवती गोधड्या कोंबलेल्या, वर क्रोशाचं कव्हर, टीव्हीवर घालतात तसं.

“माई, हे काय केलंत!”

गौरीपुढं हरभऱ्याची ओटी मांडणाऱ्या सासूबाई दचकल्या. “अगं, बायका यायच्यात ना? हे धूड घरघरायला लागलं की लगेच विचारतात, पोरीला काय झालंय म्हणून. आणि धूळ नको बसायला.”

“त्याचा श्वास कोंडलाय! स्वतःच टाकलेली गरम हवा परत आत ओढतोय तो.”

पण सकाळी टेबलावरून संगणक उचलून कपाटात तिनंच तर लपवला होता. माईंनी फक्त वरून झाकला.

एकदम बंद करावा तरी छाप विस्कटायची भीती. तिनं गोधड्या भराभरा उपसल्या, कपाट भिंतीपासून ओढलं आणि पाठीमागची प्लायवूडची फळी वरच्या बाजूनं उचकटली. गरम हवेला वर जायला वाट झाली. खाली टेबलफॅन लावला. बोटात फळीची कुसळं घुसली, तिला कळलंही नाही.

“मी विंझणा घालू?” माईंनी विचारलं.

“घाला. खालून घाला.”

माई जमिनीवर बसल्या आणि पाळण्यातल्या गौरीला घालावा तसा त्या खोक्याला वारा घालू लागल्या.

टिकटिक मंदावली. थांबली.

वृंदा लेकीसमोर गुडघ्यांवर बसली. “बोल ना गं राणी. काहीही बोल.”

शाल्मलीनं उघड्या कपाटाकडे पाहिलं, गोधड्यांच्या ढिगाकडे पाहिलं. गळपट्टी थरथरली. जरा खरखर झाली आणि तोच आवाज आला, बोबडा, तिचा तिचाच. वृंदाचे डोळे भरून आले.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. सवयीनं माईंचा हात कपाटाच्या दाराकडे गेला.

“आई,” शाल्मली विचारत होती, “घली बायका येणाल असल्या की मला कपाटात का ठेवता?”