खाडीच्या पाण्यातली लेन्स

बसा, सांगते. पण मध्येच हसायचं नाही, हसणाऱ्याला मी गोष्ट अर्ध्यात सोडून देते.

मी चंद्रिका, धाकटी डहाणूची. बाजारात सुकट-बोंबील विकते. निलम माझ्या बहिणीची पोर, डहाणूला कपड्यांच्या दुकानात काउंटरवर असते. तिला चष्म्याचा भारी तिटकारा, म्हणून डोळ्यात घालायच्या त्या मऊ लेन्स आणल्या. दिवसभर घालायची, संध्याकाळी काढून कचऱ्यात टाकायची, दुसऱ्या दिवशी नवी. पण आमच्यात चांगली वस्तू टाकायला कुणाचा हात धजत नाही. त्यात लेन्सच्या पाकिटातलं पाणी तिला खारट लागलं, मग पोरीने डोकं चालवलं. खारंच पाणी हवं ना, दारात खाडी आहे की! वाटीत खाडीचं पाणी घ्यायचं, रात्रभर तीच लेन्स त्यात ठेवायची आणि सकाळी पुन्हा घालायची. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय म्हणू?

एके दिवशी उजव्या डोळ्यातली लेन्स निघेचना. डोळा लालभडक. मी तिला रिक्षात घातलं आणि भरदुपारी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

तपासायच्या खोलीला खिडकी नव्हती, दार लावलं की मिट्ट काळोख. बाईंनी निलमची हनुवटी यंत्रावर टेकवली, बारीक उजेडात बराच वेळ पाहिलं.

"बुबुळावर पांढरं दिसतंय. पाण्यातले जंतू शिरलेत. डोळा वाचेल का, आत्ता नाही सांगता येत. आधी लेन्स काढू."

लग्न व्हायचंय हो पोरीचं, सगळं आयुष्य जायचंय. बाईंनी त्यांच्या मदतनीस संगिताला औषध आणायला पाठवलं. तिने जाताना बाहेरून दार ओढून घेतलं.

बाईंनी चिमटा डोळ्यापाशी नेला आणि लाइट गेली.

"हलू नका कुणी," बाई म्हणाल्या. "चिमट्यात लेन्सची कड आलीय. धक्का लागला तर बुबुळ फाटेल. मावशी, मोबाइलची बॅटरी धरा."

धरली. तेवढ्यात वास आला. मी मासे विकते, आधी वाटलं माझ्याच साडीचा. पण तो माशांचा नव्हता, ओहोटीला उघड्या पडलेल्या गाळाचा होता. खोटं कशाला बोलू, मला पळून जावंसं वाटत होतं. पण हातात बॅटरी, समोर पोरीचा डोळा. पळणार कुठे?

"मावशी..." निलम ओठ न हलवता बोलली, "या डोळ्यात हिरवा उजेड आहे... वर होडीचा तळ दिसतोय."

"गप बस गं."

"खाली एक माणूस आहे... वाट शोधतोय... सापडत नाही त्याला..."

बाई लेन्स हळूहळू सोडवत होत्या, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"आता माझ्याकडे वळला... मावशी, तो आतून ढकलतोय..."

चिमटा मागे आला. लेन्स निघाली होती.

निलमने मोठा श्वास सोडला. बाईंनी लेन्स बॅटरीसमोर धरून भिंगातून पाहिली. पाहतच राहिल्या.

"घालताना बोट कुठे लावलंस?"

"बाहेरच्या बाजूला. आतून कसं लावणार?"

बाईंनी भिंग माझ्या हातात दिलं. नखाएवढी ती लेन्स. तिच्या आतल्या बाजूवर पाची बोटांचे बारीक ठसे होते, दाबून उमटलेले.

"गेला, मावशी," निलम म्हणाली. "आत कुणी नाही आता. बाहेर पडला."

देवाशपथ, मला हायसं वाटलं. मी तिला जवळ घेतलं. बाई आमच्या शेजारीच उभ्या होत्या.

दारावर थाप पडली. बाहेरून संगिताचा आवाज आला.

"बाई, औषध आणलंय. दार सोडा ना... आतून कोण धरून उभं आहे?"